राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी बोलावे कोठे, लिहावे कोठे?

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीपुढे दरवर्षी अर्ज येतात. अभियांत्रिकी, वैद्यक, वाणिज्य ह्या शाखांच्या विद्यार्थ्यांना पुढे काय करावे हे सांगणारी माणसे बडोद्यातील आपल्या प्रत्येक घरी एखाददुसरे तरी असते. परंतु ‘बी.ए., राज्यशास्त्र’ असे लिहिलेला अर्ज समोर आला की आम्ही सारेच थोडे गप्प होतो. ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न विचारला जातो, मूल ‘स्पर्धा परीक्षा’ असे ठरलेले उत्तर देते आणि अर्ज मंजूर होतो. त्या विद्यार्थ्याने तीन-चार वर्षे नेमके काय करावे, वर्गाबाहेर त्याला बोलण्याची आणि लिहिण्याची कोणती दारे उघडी आहेत, ह्याविषयी आमच्यापैकी कोणालाच धड माहिती नव्हती. ह्या अज्ञानाची किंमत एका घराला मोजावी लागली, म्हणून महोत्सवी स्मरणिकेत हा विषय मांडण्याचे आम्ही ठरविले.

घडले ते असे. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पंचायतराज्यावर एक निबंध लिहिला. निबंध बरा होता. कोणी तरी तिला एका ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणविणाऱ्या नियतकालिकाचा पत्ता दिला. तिने निबंध पाठविला आणि दुसऱ्याच दिवशी ‘आपला शोधनिबंध स्वीकृत झाला आहे, तीन हजार रुपये भरावेत’ असे उत्तर आले. वडील निवृत्त कारकून. त्यांनी निम्मी रक्कम घातली. उरलेली निम्मी, सांगावयास संकोच वाटतो, आपल्या समितीनेच मोठ्या कौतुकाने मंजूर केली. सोनेरी किनारीचे प्रशस्तिपत्रही आले. पुढे एका चांगल्या संस्थेत एम.ए.च्या प्रवेशासाठी ती मुलाखतीस गेली, तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी त्या नियतकालिकाचे नाव वाचून कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे विचारले, ‘हे छापण्यापूर्वी कोणी वाचले होते काय?’ मुलीपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते.

चूक तिची एकटीची नाही. तिला वाट दाखवावयाची ती आम्ही दाखविली नाही. आता ती वाट जेवढी आम्हांस समजली तेवढी क्रमाने सांगतो.

आधी एक जुनी आठवण

विद्यार्थ्याचे लेखन म्हणजे पोरखेळ, असे समजणाऱ्यांनी आपल्याच शहराशी जोडलेली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन एका तरुणाला १९१३ साली अमेरिकेस पाठविले. हा तरुण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी.ए. झालेला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर ह्यांच्या परिसंवादवर्गात ९ मे १९१६ रोजी त्याने हिंदुस्थानातील जातींची घडण, उत्पत्ती आणि वाढ ह्यांवर एक निबंध वाचला. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’ ह्या नियतकालिकात छापून आला. निबंध लिहिणारे विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. वय वर्षे पंचवीस.

ते त्या वेळी पदव्युत्तर वर्गात होते हे खरे. परंतु क्रम पाहा: आधी वर्गापुरता निबंध, मग तो दहा जाणकार माणसांपुढे वाचणे, त्यांचे प्रश्न ऐकणे आणि त्यानंतर छापणे. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी तो निबंध आज अभ्यासला जातो. हेही सांगितले पाहिजे की, १९१७ साली हेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून आपल्या ह्या शहराने त्यांना राहावयास जागा दिली नाही. राजाने शिक्षण दिले, नगराने दार लावले. पैसा देणारा एक आणि माणसाला जवळ करणारा दुसरा, अशी दोन कामे वेगळी आहेत. आपला ट्रस्ट पहिले करतो, दुसरे करावयास शिकला पाहिजे.

बोलण्याची व्यासपीठे

पहिले व्यासपीठ वक्तृत्व आणि वादविवाद ह्यांचे. आपल्या लोकांना ते नवे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली ती १८७५ साली. परंतु वक्तृत्व आणि वादविवाद ह्यांत एक फरक आहे. वक्तृत्वात पाठांतर चालून जाते; वादविवादात चालत नाही. इंग्लंडात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८१५ साली आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८२३ साली ज्या वादसभा काढल्या, त्यांच्या धर्तीवर आज कॉलेजांत ‘पार्लमेंटरी डिबेट’ होतात. त्यात विषय थोडा वेळ आधी मिळतो, बाजू निवडता येत नाही आणि विरुद्ध पक्षाच्या मुद्द्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. जी बाजू आपल्याला पटत नाही तिचीही उत्तम मांडणी करता येणे, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले शिक्षण होय.

दुसरे व्यासपीठ युवा संसदेचे. ह्या कल्पनेचा मुंबईशी संबंध आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतून अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस केली आणि त्याप्रमाणे केंद्र सरकारच्या संसदीय कामकाज खात्याने १९६६ साली दिल्लीच्या शाळांतून योजना सुरू केली. पुढे विद्यापीठे आणि महाविद्यालये ह्यांच्यासाठीही ती वाढविण्यात आली. सुमारे तासाभराच्या बैठकीत अध्यक्ष, मंत्री, विरोधी पक्षनेते अशा भूमिका विद्यार्थी घेतात. प्रश्नोत्तरांचा तास, लक्षवेधी सूचना, विधेयकावरील चर्चा आणि मतदान असे कामकाज चालते. ही नक्कल आहे, पण निरुपयोगी नक्कल नव्हे. शून्य प्रहर म्हणजे काय, हे पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते एकदा उभे राहून बोलले की कळते. ह्याखेरीज युवक कल्याण खात्याने २०१९ साली राष्ट्रीय युवा संसद महोत्सव सुरू केला. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना त्यात जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी जाता येते. २०२१ साली त्याची अंतिम फेरी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झाली. मुलाने जिल्ह्याच्या पायरीवर बोलावयाचे ठरविले तर घरातून केवळ एवढेच पाहावे, की तो सूचना वेळेवर वाचतो की नाही.

तिसरे व्यासपीठ ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ ह्या नावाचे, मुले ज्याला ‘एम.यू.एन.’ म्हणतात ते. मूळ पद्धत अमेरिकन विद्यापीठांतील. राष्ट्रसंघ अस्तित्वात होता तेव्हाच, १९२० नंतरच्या दशकात, तेथील विद्यार्थी त्याच्या नकला भरवीत; पुढे संयुक्त राष्ट्रसंघ आला आणि नाव बदलले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश नेमून दिला जातो. त्या देशाचे धोरण काय आहे हे शोधून त्याने आधी एक-दोन पानांचे भूमिकापत्र लिहावयाचे, मग सभेत त्या देशाच्या वतीने बोलावयाचे, इतर देशांशी वाटाघाटी करून ठराव लिहावयाचा आणि मते मिळवावयाची. समजा मुलीच्या वाट्याला ब्राझील आला. मग तिची स्वतःची मते घरी ठेवून ब्राझीलचे हित तिने मांडले पाहिजे. आपल्या देशात ह्याला एक खास जोड मिळाली आहे, ती सर्वपक्षीय बैठकीची. तेथे देशाऐवजी एखाद्या पुढाऱ्याची भूमिका मिळते.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना. ह्या संमेलनांपैकी काही विद्यापीठे आणि महाविद्यालये मनापासून भरवितात. काही मात्र केवळ हॉटेलातील समारंभ असतात. नोंदणीचे शुल्क, प्रवास, राहणे आणि नवा कोट असा खर्च एकदम वाढतो. पहिले संमेलन गावातलेच निवडावे. तेथे भूमिकापत्र मागतात काय, ते तपासून परत देतात काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे वाचवावेत आणि त्यातून चार पुस्तके आणावीत.

ऐकण्याची आणि पाहण्याची कामे

बोलण्याआधी ऐकावे लागते. अभ्यासकांची चर्चासत्रे विद्यार्थ्यांना बहुधा खुली असतात. भारतीय राज्यशास्त्र परिषद १९३८ साली स्थापन झाली आणि तिचे इंग्रजी नियतकालिक १९३९ साली सुरू झाले. मराठीतून निबंधवाचन ऐकावयाचे तर महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषदेच्या अधिवेशनास जावे. पहिल्या वेळी निबंध वाचण्याचा हट्ट नको. मागच्या रांगेत बसून वही उघडावी आणि कोणत्या निबंधाला लोकांनी प्रश्न विचारले, कोणत्याला नुसत्या टाळ्या दिल्या, एवढे टिपावे. प्रश्न ज्याला आले तो निबंध जिवंत.

ह्याहून उपयोगी आणि फार थोड्यांना माहीत असलेले काम म्हणजे निवडणुकांच्या पाहण्या. दिल्लीचे ‘विकसनशील समाज अध्ययन केंद्र’ रजनी कोठारी ह्यांनी १९६३ साली स्थापन केले. त्या केंद्राचा ‘लोकनीती’ हा विभाग मतदारांच्या देशव्यापी पाहण्या करतो. अशा पाहण्यांत प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारे लोक पुष्कळदा महाविद्यालयांतील विद्यार्थीच असतात. त्यांना आधी शिकवतात: घर कसे निवडावे, प्रश्न जसाच्या तसा कसा वाचावा, उत्तर सुचवू नये, उत्तर देणाऱ्याचे नाव गुप्त कसे ठेवावे. भर उन्हात वीस दारे ठोठावलेल्या मुलाला ‘जनमत’ ह्या शब्दाचा अर्थ निराळाच कळतो. कॉलेजच्या विभागप्रमुखांना ‘अशी पाहणी आली तर माझे नाव सुचवावे’ असे आधीच सांगून ठेवावे.

पदवीनंतरची एक संधी येथेच सांगून ठेवतो. दिल्लीची ‘पी.आर.एस.’ ही विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था २००५ पासून काम करीत आहे. २०१० पासून ती तरुण पदवीधरांना एकेका खासदाराबरोबर अभ्याससाहाय्यक म्हणून नेमते. ह्या अर्जाबरोबर लेखनाचा नमुना लागतो. तो नमुना शेवटच्या रात्री तयार होत नाही. त्याची सवय पहिल्या वर्षापासून लागते.

लिहिण्याच्या पायऱ्या

आता लेखनाकडे वळू. आमच्या त्या विद्यार्थिनीची चूक अशी झाली की जिन्याच्या पहिल्या पायरीवरून तिने एकदम गच्चीवर उडी घेतली. पायऱ्या आहेत, त्या चढाव्यात.

पहिली पायरी वाचकांच्या पत्राची. ‘संपादकांस पत्र’ हे सदर हलके समजू नये. दीडशे शब्दांत एकच मुद्दा, एक पुरावा आणि एक सूचना मांडणे फार कठीण आहे. बेळगावच्या मुलांना १९१९ पासून चालत आलेला ‘तरुण भारत’ आहे, गोव्याच्या मुलांना १९६२ साली सुरू झालेला ‘गोमन्तक’ आहे. आपल्या बडोद्याच्या मुलांनी गुजराती दैनिकांतही लिहावे. येथील नगरपालिकेचा प्रश्न येथील भाषेत मांडला तरच त्याचा उपयोग. इंग्रजीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे साप्ताहिक वाचावे. १९४९ साली मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ म्हणून सचिन चौधुरींनी ते काढले आणि १९६६ पासून आजच्या नावाने ते निघते. त्यातील मोठे लेख लिहिणे हे पदवीच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे, पण ते वाचून त्यातील एखाद्या मुद्द्यावर पत्र लिहिणे त्याच्या आवाक्यात आहे.

दुसरी पायरी पुस्तक-परीक्षणाची आणि कॉलेजच्या वार्षिकांकाची. परीक्षणात लेखकाने काय म्हटले हे प्रामाणिकपणे सांगून मग आपले मत द्यावयाचे असते. दुसऱ्याचे म्हणणे नीट सांगता येणे ही निम्मी विद्या आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ ही मराठीतील विचारप्रधान नियतकालिके मुलांनी घरी पाहिली पाहिजेत. आपल्या वाचनालयाने ती घ्यावीत अशी आमची सूचना आहे. ‘साधना’ने तर तरुणांसाठी वेगळे दिवाळी अंकही काढले आहेत.

तिसरी पायरी शोधनिबंधाची. येथे पदवी-विद्यार्थ्यांसाठीच निघणारी नियतकालिके असतात, हे आम्हांलाही नुकतेच कळले. आपल्याकडील काही महाविद्यालयांचे राज्यशास्त्र विभाग अशी वार्षिके काढतात. त्यांची संपादक मंडळी विद्यार्थी असतात आणि प्राध्यापक वरून पाहतात. परदेशांत ही प्रथा अधिक रुळली आहे. अमेरिकेत पदवी-विद्यार्थ्यांच्या संशोधनाची राष्ट्रीय परिषद १९८७ पासून आणि ब्रिटनमध्ये तशीच परिषद २०११ पासून भरते. ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठाशी जोडलेले ‘रीइन्व्हेन्शन’ हे नियतकालिक २००७ साली सुरू झाले. ते सर्व विषयांतील, पदवीच्या शिक्षणात केलेले संशोधन छापते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९८ साली हॉलंडमधील लायडन येथे स्थापन झाली आणि ‘पोलिटिकॉन’ हे तिचे नियतकालिक आहे. आपली जी कुटुंबे परदेशी आहेत त्यांच्या मुलांना ही नावे माहीत असतील. येथील मुलांनाही ती माहीत असावीत.

प्रामाणिक नियतकालिक कसे चालते?

हे समजले तर फसवणूक आपोआप ओळखू येते. लेख आला की संपादक प्रथम तो आपल्या विषयात बसतो की नाही हे पाहतात. बसत असेल तर लेखकाचे नाव काढून तो दोन जाणकारांकडे पाठवितात. लेख कोणाचा हे जाणकारांना ठाऊक नसते. जाणकार कोण हे लेखकाला ठाऊक नसते. ते लेखी शेरे देतात: अमुक विधानाला आधार नाही, अमुक ग्रंथ पाहिला नाही, तमुक निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा आहे. लेखक दुरुस्ती करून पुन्हा पाठवितो. ह्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. नकारही येतो, आणि त्या नकाराबरोबर आलेले शेरे हीच विद्यार्थ्याची खरी मिळकत असते.

ह्याच्या उलट, दुसऱ्या दिवशी होकार देणाऱ्याने लेख वाचलेला नसतो, हे उघड आहे. ही कीड किती पसरली होती ह्याचा एक हिशेब सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांचा एक भाग तपासला. तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के संशयास्पद ठरली. हा अभ्यास २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नावे यादीतून काढून टाकली. नंतर २०१९ साली ‘केअर’ नावाची नवी यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि चांगले-वाईट ठरविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविण्यात आली. म्हणजे ‘यादीत आहे काय?’ असे विचारून आता भागणार नाही. घरी बसून पारख करावी लागेल.

पारखीच्या खुणा अशा. होकार एक-दोन दिवसांत आला तर दूर राहावे. होकाराबरोबरच पैशांची मागणी आली तर दूर राहावे. विद्यार्थ्यांची प्रामाणिक नियतकालिके सहसा लेखकाकडून पैसे घेत नाहीत. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, संस्कृत काव्य आणि बँकव्यवहार हे सारे असेल तर संशय घ्यावा. संपादक मंडळातील दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर पत्र घालून ‘आपण ह्या मंडळात आहात काय?’ असे नम्रपणे विचारावे. आणि सर्वांत सोपी खूण: मागच्या अंकातील दोन लेख स्वतः वाचावेत. ते वाचून काही कळले नाही, काही शिकावयास मिळाले नाही, तर आपला लेख तेथे का द्यावा?

चर्चासत्रांनाही हेच लागू. भोजन आणि निवास ह्यांसाठी शुल्क असणे गैर नाही. परंतु ‘आपण न येताही निबंधवाचनाचे प्रशस्तिपत्र मिळेल’ असे जेथे लिहिलेले असते, तेथे निबंधवाचन होत नाही, प्रशस्तिपत्राची विक्री होते.

विषय कोठून आणावा?

‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ अशा मथळ्याचे निबंध समितीकडे गठ्ठ्याने येतात. विषय एवढा मोठा की त्यात विद्यार्थी हरवून जातो. त्याऐवजी प्रश्न लहान आणि जवळचा घ्यावा. १९९३ पासून अमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका ह्यांत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. मग आपल्या प्रभागातील नगरसेविकेकडे लोक कोणती कामे घेऊन येतात? किती लोक तिच्याशी बोलतात आणि किती तिच्या यजमानांशी? चार सकाळी तिच्या दारी बसून, तिची आणि भेटणाऱ्यांची परवानगी घेऊन, टिपणे काढली तर असा निबंध होईल की जो कोणत्याही पुस्तकातून उतरविता येत नाही. सरकारी आकडे हवे असतील तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

दुसरा विषय आपल्या स्वतःच्या स्थितीचा. आपण गुजरातेत राहणारे मराठी भाषिक. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करावयास राज्यांना सांगितले, दुसऱ्याने त्यासाठी एक खास अधिकारी नेमला. बडोदे, बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील मराठी शाळांत ह्या कलमांचे प्रत्यक्षात काय झाले, हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या गावापुरता जरूर घ्यावा.

तिसरा विषय जुन्या कागदांचा. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या दप्तरातील जुने कागद मराठीत आहेत आणि त्यांतील पुष्कळ मोडी लिपीत. जो मुलगा घरी मराठी, बाहेर गुजराती आणि वर्गात इंग्रजी वापरतो त्याला आपण ‘धड एकही भाषा येत नाही’ म्हणून हिणवतो. वास्तविक ह्या तिन्हींच्या जोडीला तो मोडी शिकला, तर दिल्लीच्या विद्यार्थ्याला जे दप्तर उघडता येणार नाही ते ह्याला उघडता येईल. ज्याला आपण उणेपणा समजतो तेच त्याचे भांडवल आहे.

विषय ठरला की पुढची रीत थोडक्यात. प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्यावर आधी कोणी काय लिहिले ते पाहावे. पुरावा गोळा करावा. मग अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा करावा, कारण चर्चासत्रे आणि नियतकालिके आधी तोच मागतात: प्रश्न काय, पुरावा कोठला, आढळले काय. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्यावे. न देणे ही चोरी. अलीकडे यंत्राकडून परिच्छेद लिहवून घेण्याची सोय झाली आहे. भाषा तपासण्यापुरती मदत घेतली आणि तसे सांगितले तर बहुतेक संपादक हरकत घेत नाहीत. परंतु यंत्र आपल्या प्रभागात जाऊन बसत नाही आणि ते जे आधारग्रंथ सांगते ते कित्येकदा अस्तित्वातच नसतात. मुलाखतीत प्रश्न आला की उत्तर यंत्राला नव्हे, आपल्याला द्यावयाचे असते.

हे सारे आता अभ्यासक्रमाशीही जोडले गेले आहे. अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो आणि त्यात प्रबंध लिहावयाचा असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत ज्याने एकही पान स्वतः शोधून लिहिलेले नाही, त्याला हे चौथे वर्ष जड जाणार.

ट्रस्टने काय करावे?

समितीच्या वतीने आम्ही तीन गोष्टी विश्वस्तांपुढे ठेवल्या आहेत. पहिली, छापण्याच्या शुल्कासाठी ह्यापुढे पैसे देऊ नयेत. त्याऐवजी चर्चासत्रास जाण्याचा प्रवासखर्च आणि पाहणीसाठी लागणारा किरकोळ खर्च द्यावा. दुसरी, अर्जात ‘प्रशस्तिपत्रे जोडावीत’ हा रकाना काढून ‘स्वतः लिहिलेली पाच पाने जोडावीत’ असा घालावा. तिसरी, दरवर्षी श्रावणातील एका रविवारी आपल्या सभागृहात दोन-तीन विद्यार्थ्यांनी आपले निबंध वाचावेत आणि वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. निवृत्त शिक्षक, वकील, नगरपालिकेत आयुष्य काढलेले अधिकारी आपल्यात थोडे नाहीत. त्यांच्याइतके चांगले परीक्षक विकत मिळणार नाहीत.

पहिला निबंध वाचण्याचे त्याच विद्यार्थिनीने कबूल केले आहे. तो पंचायतराज्यावरचा जुना निबंध तिने मोडून पुन्हा बांधला. ह्या वेळी आपल्या आजोळच्या गावी जाऊन तीन ग्रामसभा तिने स्वतः पाहिल्या. एका विद्यार्थी-नियतकालिकाने तो एकदा परत पाठविला, सोबत दीड पानांचे शेरे होते. ते शेरे घेऊन ती आमच्याकडे आली तेव्हा मागच्या सोनेरी प्रशस्तिपत्राच्या वेळेपेक्षा तिचा चेहरा अधिक उजळ होता, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

सभासदांना विनंती इतकीच, की त्या रविवारी सभागृहात यावे, निबंध शेवटपर्यंत ऐकावा आणि टाळ्या वाजविण्याआधी एक तरी प्रश्न विचारावा.